जास्तीचं शिसं

रेसकोर्सवर माणसं येईनाशी झाली, यात घोड्यांचा काही दोष नव्हता. घोडे पूर्वीसारखेच जीव तोडून धावत होते. दोष म्हणायचाच झाला तर तो होता शाल्मली सरनोबत हिचा. आणि शाल्मलीची आई, वृषाली सरनोबत, ही त्याच रेसकोर्सची हँडिकॅपर. आता बोला!

हँडिकॅपर म्हणजे कोण, हे वृषालीला आजवर प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावं लागलं होतं. शर्यतीतले सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात. सगळ्यांना सारख्याच ओझ्यानं पळवलं तर तगडा घोडा दर वेळी जिंकणार आणि बाकीचे नुसती त्याची शेपटी बघत येणार. मग जो तगडा, त्याच्या खोगिराखालच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालायच्या. जो बेताचा, त्याला हलकं सोडायचं. मैलभराच्या शर्यतीत किलोभर वजन म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर, असा धंद्यातला जुना अंदाज. कुणाच्या पाठीवर किती ओझं द्यायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे हँडिकॅपर. "सरनोबत म्हणजे घोडदळाचा सेनापती, आणि आमच्या सूनबाई घोड्यांवर ओझी लादतात," असं वृषालीचे सासरे चारचौघांत सांगायचे. सांगायचे मात्र कौतुकानंच.

या धंद्यातल्या माणसाचं स्वप्न एकच. सगळे घोडे एका ओळीत शेवटच्या खांबापाशी यावेत. ते कधी खरं होत नाही. घोडा आजारी असतो, रुसतो, बिचकतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याचा ट्रेनर खोटं बोलतो. घोडा चांगला आहे हे कळलं की वजन वाढणार, म्हणून घोड्यांना शिकवणारे हे ट्रेनर आपला घोडा किती मरतुकडा आहे हेच सांगत फिरतात. सकाळच्या सरावाला लगाम आवळून पळवतात. 'पाय जड आहे,' 'पोट बिघडलंय,' ही रोजची रड. वृषालीनं पंचवीस वर्षं या थापा ऐकल्या होत्या, आणि कुठल्या थापेवर किती वजन वाढवायचं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

शाल्मली नऊ वर्षांची असताना आईबरोबर शर्यत बघायला आली होती. वळणावर एका घोड्याचा पाय मोडला. लोकांनी हिरवे पडदे धरले आणि पडद्यामागे डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. घरी जाताना पोरगी एकच विचारत राहिली. "त्याला आधीपासून दुखत असेल ना गं? मग कुणाला कळलं कसं नाही?" पोरीनं पुढे इंजिनिअर होऊन त्याचं उत्तर स्वतःच शोधून काढलं.

तिनं काय केलं, तर धावपट्टीच्या गवताखाली केसाइतकी बारीक काचेची तार पुरली. तारेतून सतत उजेड सोडायचा. जमीन जरा जरी हलली तरी काच तिथे कणभर ताणली जाते आणि उजेडाचा थोडा भाग बदलून माघारी येतो. त्या माघारी आलेल्या उजेडावरून कुठल्या घोड्याचा कुठला खूर, कुठे, किती जोरात पडला हे समजतं. म्हणजे अख्ख्या मैदानाला कान आले म्हणा ना! पाय मोडायच्या आधी घोडा त्या पायावर भार टाकायला कचरतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, पण तारेला कळतं. त्या वर्षापासून रेसकोर्सवर हिरवे पडदे निघाले नाहीत. ते माळ्यावर पडून आहेत आणि त्यांत उंदरांनी संसार थाटलाय.

इथवर सगळं छान होतं. लोकांनी शाल्मलीचा सत्कारबित्कार केला. पण भरधाव घोड्याची एक गंमत आहे. पळताना त्याला मनाप्रमाणे श्वास घेता येत नाही. प्रत्येक झेपेला त्याच्या पोटातला सगळा ऐवज पुढे-मागे सरकतो आणि भात्यासारखा छातीवर दाबतो. एक झेप, एक श्वास. त्यात तडजोड नाही. म्हणजे ज्याला टापा ऐकू आल्या त्याला श्वास ऐकू आला, आणि ज्याला श्वास ऐकू आला त्याला घोड्यात अजून किती दम शिल्लक आहे तेही कळलं. लगाम आवळून पळवा नाहीतर सोडून पळवा, घोड्याला आता काही लपवता येईना. शाल्मलीचा प्रोग्राम घोड्यांचे पाय वाचवता वाचवता शर्यतींचे निकाल आदल्या दिवशीच सांगायला लागला. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं 'पारख'.

मग व्हायचं तेच झालं. पारख सगळ्यांच्या फोनवर आली. कोण जिंकणार हे पोराटोरांना आधीच माहीत. पहिल्या वर्षी लोकांना मजा वाटली. दुसऱ्या वर्षी पैजा लावणारे संपले, कारण पैज घ्यायला समोर कुणी असावं तर लागतं ना. तिसऱ्या वर्षी स्टँडमध्ये कबुतरं बसायला लागली. दुसऱ्या शहरांतली रेसकोर्सं एकामागून एक बंद झाली. उरलं ते पुण्याबाहेर सोलापूर रस्त्यावरचं एवढं एक. तिथल्या कमिटीच्या अध्यक्षांनी मार्चच्या सुरुवातीला सांगून टाकलं, "सीझनच्या शेवटच्या रविवारी स्टँड भरला तर पुढे चालू. नाहीतर घोडे देशोधडीला आणि मैदानाला कुलूप."

घरात मायलेकी या विषयावर बोलत नसत. भाजीवर बोलायच्या, उन्हाळ्यावर बोलायच्या, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोलायच्या. पण एकीनं दुसरीचा धंदा बसवलाय, हे टेबलावर मिठाच्या भांड्यासारखं कायम मधे असायचं. एका रविवारी मात्र पोहे खाता खाता वृषाली मधेच थांबली.

"शालू, तू पारखला काय विचारतेस गं? नेमकं काय?"

शाल्मली दचकली. "कोण जिंकेल, असं. दिलेल्या वजनांवरून."

"उलटं विचारता येईल?"

"म्हणजे कसं?"

"कुणावर किती वजन टाकलं तर तुला सांगताच येणार नाही, असं विचार."

पोरीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग तिनं पोह्यांची बशी बाजूला सारली आणि आईकडे असं बघितलं की वृषालीला तिच्यात ती नऊ वर्षांची पोर दिसली. "आई," ती म्हणाली, "हे मला आधी का नाही सुचलं?"

"कारण तू कधी कुणावर ओझं टाकलं नाहीस," वृषाली म्हणाली, आणि पुष्कळ दिवसांनी दोघी खदखदून हसल्या.

बेत ठरला. शेवटच्या रविवारी एकच मोठी शर्यत, बारा घोडे, आणि वजनं अशी की पारखनं हात टेकावेत. पण एक अडचण होती. तारेला टापा कळतात. घोड्यानं कालची चंदी खाल्ली का, त्याचं मन ठिकाणावर आहे का, हे काही कळत नाही. धावायच्या दिवशी तेवढ्यानंही फरक पडतो. ते सांगणार कोण, तर ट्रेनर. म्हणजे आलीच का पंचाईत!

वृषालीनं बाराही ट्रेनर्सना कँटीनमध्ये चहाला बोलावलं आणि हात जोडले. "आयुष्यभर मला फसवलंत, माझी तक्रार नाही. पण या एका वेळी खरं सांगा. एकानं खोटं सांगितलं तर शर्यत फसेल, आणि शर्यत फसली तर आपण सगळेच घरी बसू." मग प्रत्येकाला आपल्या ऑफिसात वेगळं भेटून तिनं विचारलं. मंडळी खरंच खरं बोलली असावीत, कारण बोलताना त्यांना फार त्रास होत होता. जयसिंगराव पाटणकरांसारखा पट्टीचा माणूस 'तांबडा रस्सा' या आपल्या लाडक्या घोड्याबद्दल "एकदम फिट आहे हो" म्हणाला, तेव्हा त्याला चक्क घाम फुटला होता.

शेवटी आले नोशीरकाका. नोशीर बाटलीवाला म्हणजे रेसकोर्सवरचे सगळ्यात जुने ट्रेनर आणि सगळ्यात अट्टल थापाडे. एकदा त्यांनी, घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचं लग्न ठरल्यामुळे घोडा खिन्न आहे, असं सांगून वजन उतरवून घेतलं होतं. तो खिन्न घोडा इतक्या पुढे येऊन जिंकला की बाकीचे फोटोतही आले नाहीत. जयसिंगराव तेव्हा दुसरे आले होते, आणि त्या दिवसापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"डिकरी," नोशीरकाका टोपी हातात घेऊन म्हणाले, "गुलछडीचं काय खरं नाय. बानू गेली."

"कोण बानू?"

"तिची बकरी. म्हातारी झाली होती, गेल्या सोमवारी गेली. सहा वरस दोघी एका ठाणावर. आता घोडी दोन घास खाते ने वळून कोपऱ्यात बघते. पोटात दाणा नाय, तर धावणार काय?"

बुजऱ्या घोड्याच्या सोबतीला बकरी ठेवतात, हे खरंच आहे. पण बकरी मेली म्हणून घोडी उपाशी! ऑफिसातल्या माणसांनी तोंडावर फाइली धरल्या. वृषालीनं गंभीर चेहऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, काका, तुमच्या चाळीस वर्षांतली ही सगळ्यात सुरेख थाप.

संध्याकाळी शाल्मलीनं सगळ्यांची उत्तरं पारखमध्ये घातली. गुलछडीसमोर त्रेपन्न किलो आले. पोरगी घरी गेल्यावर वृषाली त्या आकड्याकडे बघत बसली. त्रेपन्न दिले तर म्हातारा सगळ्यांना वाकुल्या दाखवत जिंकणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पंचावन्न केले आणि गुरुवारी वजनं जाहीर झाली. एकदा जाहीर झालेलं वजन कुणालाही कमी करता येत नाही. नियम म्हणजे नियम.

शनिवारच्या सकाळी घोड्यांचा शेवटचा सराव झाला. शाल्मलीनं वृषालीला धावपट्टीशेजारच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं. पडद्यावर प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याच्या शक्यतेची एक, अशा बारा उभ्या पट्ट्या होत्या. अकरा एका उंचीच्या, जणू कुणी फूटपट्टी धरून कापल्या होत्या. बारावी होती बोटभर.

"ही गुलछडी," शाल्मली म्हणाली. "दुखतंबिखत काही नाही तिला, पण श्वास लवकर आखूड होतोय. पोटात काही नाही, आई. खरंच जेवत नाहीये ती. मी त्रेपन्न दिले होते ना? पंचावन्न कुणी केले?"

"मी."

"का?"

"कारण ते नोशीरकाका आहेत!"

शाल्मलीनं त्या आखूड पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "यंत्राला मी सगळं शिकवलं बघ. नोशीरकाकांचं खरं मानायचं नाही, एवढं शिकवायचं राहून गेलं." तिला चिडायचं नव्हतं, पण ते वाक्य वृषालीला लागायचं तिथे लागलं.

ती तशीच तबेल्याकडे गेली. नोशीरकाका स्वतः घोडीला खरारा करत होते. कोपऱ्यात बकरीची घंटा अजून खिळ्याला लटकत होती. गुलछडीनं मान वळवून आधी घंटेकडे बघितलं आणि मग वृषालीकडे.

"काका, माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होतात."

"मला माहीत होतं तू मानणार नाय," म्हातारा खरारा न थांबवता म्हणाला. "मी असतो ने तुझ्या जागी, तर मी पण मानलं नसतं."

"मग सांगितलंत कशाला?"

"तू विचारलंस ना, या वेळी खरं सांगा म्हणून. असं कोणी विचारलंच नव्हतं मला. सगळे धरूनच चालतात, नोशीर खोटा बोलणार." ते हसले, पण हसू काही नीट आलं नाही. "जाऊ दे, डिकरी. धावेल बिचारी मागून."

वृषालीला रडू आलं. तिनं ते लपवलंही नाही.

रविवारी माणसं आली. खरंच आली! पारखला सांगता येणार नाही अशी शर्यत, अशी बातमी उठली होती, आणि जे सांगता येत नाही ते बघायला लोक इतके आसुसलेले असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. कॅम्पातले जुने शौकीन होते, कॉलेजची पोरं होती, डबे घेऊन आलेली कुटुंबं होती. कबुतरांनी स्टँड सोडला. पण फोन प्रत्येकाच्या हातात होते आणि फोनवर अकरा सारखे, एक मागे, हे सगळ्यांना दिसत होतं. कुजबुज सुरू झाली. "गुलछडीला मुद्दाम लादलंय." "हँडिकॅपरबाई आणि यंत्रवाली मायलेकी आहेत म्हणे." "म्हणजे झालंच की." माणसं यायला जितकी उत्सुक होती तितकीच उठून जायला तयार होती. अध्यक्ष स्टँडकडे बघत रुमालानं मान पुसत होते.

एकदा लोकांच्या मनात किंतु आला की ते परत यायचे नाहीत, हे वृषालीला कळत होतं. ती तडक वजनाच्या खोलीत शिरली. तिथे जॉकी खोगीर मांडीवर घेऊन एकेक करून काट्यावर बसतात, आणि कमी पडेल तेवढं शिसं पट्ट्यांच्या पेटीतून घेतात. बाराही ट्रेनर भिंतीशी उभे होते.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "गुलछडीवर दोन किलो जास्त आहेत. यंत्राची चूक नाही, नोशीरकाकांची नाही, माझी आहे. त्यांनी खरं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला नाही. आता मला ते वजन उतरवता येत नाही. लोक म्हणतील शर्यत लबाडीची आहे, आणि त्यांचं चूक नसेल. मी आत्ता माइकवर जाऊन तसं सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

नोशीरकाका आपल्या बुटांकडे बघत होते. काट्यावर जयसिंगरावांचा जॉकी इरफान बसला होता, त्यालाही उठावं की बसावं कळेना.

जयसिंगराव खाकरले. "बाई, कमी करता येत नाही म्हणालात."

"नाही येत."

"जास्त घेता येतं की!"

खरंच होतं. जॉकी नेमलेल्या वजनापेक्षा भारी भरला तर तसं जाहीर करून धावता येतं. ओव्हरवेट म्हणतात त्याला. पण तो नियम म्हणजे पोट सुटलेल्या जॉकीची नामुष्की. आपण होऊन कुणी ओझं मागितलंय, असं या धंद्याच्या इतिहासात घडलेलं नव्हतं.

"तांबड्या रश्श्यावर दोन किलो जास्त लिहा," जयसिंगराव म्हणाले. मग नोशीरकाकांकडे न बघता, "त्या बकरीला मी ओळखत होतो. एकदा माझी टोपी खाल्ली होती तिनं. आणि तसंही, उपाशी घोडीला बांधून ठेवून जिंकलो असं उद्या कुणी म्हणायला नको."

मग कोपऱ्यातून दुसरा आवाज आला, "माझ्याही घोड्यावर लिहा." मग तिसरा. मग एकदम गलका. ज्या माणसांनी पाव किलोसाठी आईची शपथ खाल्ली असती, ती माणसं काट्याभोवती गर्दी करून शिसं मागत होती. तिनं शाल्मलीला फोन लावला. कुणाला दीड, कुणाला दोन, कुणाला थोडं अधिक, असं पोरगी तिकडून सांगत गेली.

शिशाची पेटी बघता बघता रिकामी झाली. आता काय करायचं? "खा!" जयसिंगराव इरफानवर ओरडले. "कँटीनमध्ये जा आणि खा, पाणी पी!" इरफान चौदा वर्षं शर्यतीच्या दिवशी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागावर आणि घोटभर चहावर जगला होता. त्यानं खिमापाव मागवला. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. "साहेब, कांदा पण घेऊ?" असं त्यानं विचारलं, तेव्हा ट्रेनर मंडळींनासुद्धा हसावं की रडावं कळेना. उरलेली दोन-तीनशे ग्रॅमची कसर कुणी ओल्या टॉवेलनं भरून काढली, कुणी जाड बुटांनी.

बाहेर लाउडस्पीकरवर एकेक नाव जाहीर होत होतं. "तांबडा रस्सा, ओव्हरवेट, दोन किलो." स्टँडमधल्या लोकांना आधी वाटलं की ऐकण्यात काही चुकतंय. "खडीसाखर, ओव्हरवेट, दीड किलो." मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तो किंचाळला, "अरे, फोन बघा!" प्रत्येक घोषणेला एक उंच पट्टी थोडी खाली उतरत होती आणि ती बोटभर पट्टी थोडी वर चढत होती. हजारो माणसं खाली माना घालून बघत होती. अकरावं नाव झालं आणि बाराही पट्ट्या एका रेषेत आल्या. खाली पारखनं एकच ओळ लिहिली: सांगता येत नाही.

त्या वेळी जे झालं ते वृषालीनं जन्मात विसरू नये असं होतं. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. माणसांनी फोन खिशात घातले. एकानं घातला, शेजाऱ्यानं घातला, आणि सगळा स्टँड माना वर करून समोरच्या हिरव्या मैदानाकडे बघायला लागला. आपल्याला पुढचं माहीत नाही, ही गोष्ट किती वर्षांनी त्यांच्या वाट्याला आली होती! म्हातारी माणसं लहान मुलांसारखी चवड्यांवर उभी राहिली होती.

दरवाजे उघडले. बारा घोडे बाहेर पडले.

सुरुवातीला नेहमीसारखीच रेटारेटी होती. पण कुणी पुढे निसटेना, कुणी मागे पडेना. पहिलं वळण आलं आणि गेलं, तरी बाराच्या बारा एका झुबक्यात. केबिनमध्ये आईच्या शेजारी उभी असलेली शाल्मली पडद्याकडे बघत होती. एकाएकी तिनं आईचं मनगट घट्ट धरलं. "आई, टापा बघ."

पडद्यावर बारा घोड्यांच्या बारा रेघा आपापल्या ठेक्यात नाचत होत्या, आणि आता त्या एकेक करून एकमेकींना मिळत होत्या. शेजारी शेजारी चालणारी दोन माणसं नकळत पाय जुळवतात, तसंच. बरोबरीचे घोडे इतके लांबवर इतके जवळ कधी धावलेच नव्हते, त्यामुळे हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आठ रेघा जुळल्या, मग दहा, मग गुलछडीचीही जुळली. एक झेप, एक श्वास. बारा घोडे एक श्वास घेत होते.

मग ते पायाखाली आलं. केबिनची फरशी थरथरली, टेबलावरचा चहा कपात हलला. स्टँडमधल्या माणसांच्या तळव्यांतून ते पोटात चढलं. वेगवेगळ्या टापांचा खडखडाट राहिलाच नव्हता, जमीनच ठोका देत होती, एकच, मोठा, पुन्हा आणि पुन्हा. एका बाईनं कडेवरचं मूल छातीशी धरलं. लाउडस्पीकरवरचा धावतं वर्णन करणारा माणूस "तांबडा रस्सा... खडीसाखर... गुल..." एवढं म्हणाला आणि गप्प झाला. त्याला शब्दच सुचेनात, आणि कुणाला ते हवेही नव्हते. शाल्मलीनं पडदा सोडला आणि खिडकीशी धावली. आपल्या यंत्राकडे पाठ करून ती तोंड उघडं टाकून बघत होती.

"कोण गं, शालू?" वृषालीनं विचारलं. "कोण जिंकतंय?"

"माहीत नाही!" पोरगी ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आई, मला माहीत नाही!"

बारा नाकं, बारा माना, एक भिंत. ती भिंत खांबावरून गेली, आणि ठोका मैदानाच्या पलीकडे जाऊन हळूहळू सुटा सुटा होत विरला.

पंचांना फोटो बघायला फार वेळ लागला. तेवढ्या वेळात एक माणूस जागचा हलला नाही. अखेर निकाल लागला. पहिली आली खडीसाखर, जी तोवर एकदाही जिंकली नव्हती. नखाएवढ्या अंतरानं. दुसरा तांबडा रस्सा. आणि बारावी, म्हणजे अगदी शेवटची, गुलछडी. पहिल्या आणि शेवटच्या घोड्यात अंतर होतं एका मानेचं. तेव्हा कुठे लोकांना आवाज फुटला, आणि तो असा फुटला की सोलापूर रस्त्यावरच्या बस थांबल्या म्हणतात. अध्यक्षांनी माइक हातात घेतला, पण त्यांना बोलू देतंय कोण. खालून एकच विचारणा चालली होती, "पुढची कधी?" त्यांनी दोन्ही हात वर केले. "पुढच्या रविवारी! सीझन वाढवतोय! दर रविवारी!"

घोडे खोगिरं उतरवायला पॅडॉकमध्ये परत आले तेव्हा जयसिंगराव आणि नोशीरकाका एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते आणि दोघं एकाच वेळी बोलत होते. वृषालीला बघून नोशीरकाका पुढे आले. टोपी काढली. चेहरा एकदम पडका केला.

"डिकरी, शेवटी आली गुलछडी. नियमाप्रमाणे पुढच्या वेळेला वजन कमी व्हायला पाहिजे ने? आणि खरं सांगू, घोडी अजून दुःखात आहे. सकाळपासून एक दाणा खाल्ला नाय."

त्यांच्या खांद्यामागे गुलछडीनं मान लांब करून खडीसाखरच्या गळ्यातला झेंडूचा हार दातांत धरला होता आणि ती डोळे मिटून तो चघळत होती.

वृषालीनं घोडीकडे बघितलं. मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे ओले होते. बकरीसाठी होते की वजनासाठी, तिला काही म्हणजे काही कळेना.

शाल्मलीनं हळूच खिशातून फोन काढला. "आई, पारखला विचारू?"

"नको," वृषाली म्हणाली, आणि हसत नोशीरकाकांच्या दंडाला धरून तबेल्याकडे निघाली. "गुरुवारला वेळ आहे अजून. चला काका, मला नीट सगळं सांगा."